खुर्चीतला खळगा

काडीमास्तर इतका बारीक होता की वारा सुटला की आजूबाजूचे दुकानदार आधी त्याला आत घ्यायचे आणि मग दोरीवरचे कपडे. हे शेजारचा इस्त्रीवाला सांगायचा. इस्त्रीवाल्याच्या बोलण्यातलं निम्मं खोटं म्हणून सोडून दिलं, तरी उरलेलं निम्मं मास्तरच्या अंगावर दिसायचं. हाडं होती, वर कातडं होतं, मधलं सामान भरायचं तेवढं राहून गेलं होतं.

आणि धंदा काय, तर भरायचाच. मास्तर खुर्च्या भरायचा. घरातल्या आरामखुर्च्या, कोच, दवाखान्यातली बाकं, न्हाव्याकडच्या फिरत्या खुर्च्या. माणसाचं बूड जिथे टेकायचं तिथे मास्तरचा हात आधी फिरून गेलेला असायचा. खुर्ची उघडली की वर कोण बसत होतं ते त्याला आतून कळायचं. काथ्या कुठे दबलाय, कुठली स्प्रिंग आधी मेली, घाम कुठवर उतरलाय. माणूस तोंडाने लाख थापा मारेल, बुडाने मारत नाही, असं त्याचं मत होतं. पण ते त्याने कोणाला ऐकवलं नव्हतं. कामाच्या वेळी त्याच्या तोंडात बारीक खिळे असायचे, आणि काम नसताना बोलावं असं काही सुचायचं नाही.

उस्तादाने त्याच्या अंगात दोन गोष्टी मुरवल्या होत्या. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत कारागिराने बसायचं नाही. तपासायची तर गुडघा टेकवून, तळव्याने दाबून. आणि काम संपलं की खुर्ची सरळ करून छडीने चांगली झोडायची, म्हणजे दबलेला काथ्या मोकळा होतो, बैठक अंग धरते. त्यामुळे अख्ख्या वस्तीला बसतं करणाऱ्या मास्तरला स्वतःची बसायची जागा म्हणून नव्हती. दुकानात फळीचं स्टूल, घरी फळीचं स्टूल. त्याच्या वजनाने जगात कशालाही पोचा आला नव्हता. एकच अपवाद. दुकानाच्या कुलपाची बोटभर लांब, जाडजूड किल्ली तो विजारीच्या मागच्या खिशात ठेवायचा आणि तिचा ठसा त्याच्या एकूण एक विजारीवर उमटला होता.

"अरे मास्तर, तुझ्या बुडावर किल्ली छापलीय," इस्त्रीवाला ओरडायचा. "कितीही दाबा, जात नाही. उद्या कुठे मरून पडलास तर चेहरा कोण बघतोय, पालथा करून ओळखू तुला."

मागच्या गल्लीत प्रूफवाले राहायचे. छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात त्यांचा जन्म गेला. नोकरी सुटली, ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि मग जवळजवळ उठलेच नाहीत. अंगाने दांडगे. जिना चढायला लागले की त्यांच्याआधी जिना कण्हायचा. एका दुपारी त्याच खुर्चीत, हातात पेन्सिल आणि मांडीवर वर्तमानपत्र, असे ते गेले. त्यांच्या बायकोला गल्लीत सगळे नुसतं बाई म्हणत. बरेच दिवस उलटल्यावर बाई दोन हमालांकडून ती खुर्ची उचलवून मास्तरच्या दुकानी आली.

आजारी माणसाला गाडीतून उतरवतात तशी तिने ती उतरवून घेतली. "हळू. हिसका नको. उन्हात नको ठेवू रे, त्यांना ऊन सोसत नाही."

मास्तरने तोंडातले खिळे हातावर काढले.

"आतली एक स्प्रिंग तुटलीय, मास्तर. टोक वर येतंय तिचं. हे बघा, इथे. आज ना उद्या कापड फाडून बाहेर येईल."

"करतो की. कापडही नवं घालू. रंग कुठला..."

"कापडाला हात लावायचा नाही."

"बरं. मग नुसता काथ्या पिंजून..."

"मास्तर." बाईने काठी फरशीवर टेकवली. "आधी ऐकून घ्या. ही बैठक बघा. दिसतोय खळगा?"

दिसत होता. डावीकडे खोल, उजवीकडे उथळ. पुढच्या कडेला मांड्यांचे दोन ओघळ. पाठीवर एकाच खांद्याची दाबण, आणि डाव्या हातावर कोपराने घासून घासून झालेली वाटी. आतला माणूस अलगद काढून घ्यावा आणि साचा तेवढा मागे राहावा, तसं.

"घरात फोटो आहेत," बाई म्हणाली. "पण फोटोत ते कोणाच्या तरी लग्नात उभे आहेत, पोट आत ओढून. तो माणूस माझा नव्हे. माझा हा. रोज संध्याकाळी मी समोर बसते, दिवसभरातलं सांगते. रिकामंच असतं हो, मला काय दिसत नाही? पण त्यांच्या मापाचं रिकामं असतं. कळतंय का?"

"कळतंय."

"वरचं काही हलवायचं नाही. जमणार नसेल तर आत्ताच सांगा. टोचू दे ती स्प्रिंग. मी रोज दाबून बसवीन तिला."

जमण्यासारखं होतं. खुर्ची उलटी करायची, खालून गोणपाट उसवायचं, पट्टे सोडायचे, मेलेली स्प्रिंग काढून नवी शिवायची आणि पुन्हा बंद. "खालून करतो," मास्तर म्हणाला. "वरच्यांना पत्तासुद्धा लागणार नाही."

बाई हसली. प्रूफवाले गेल्यापासून तिचे दात कोणी पाहिले नव्हते.

काम ठरल्यासारखं झालं आणि झकास झालं. खळगा जमिनीला लागू नये म्हणून मास्तरने खुर्चीचे हात ठोकळ्यांवर टेकवले होते. जुनी स्प्रिंग निघाली, नवी बसली, पट्टे तारेसारखे ताणले गेले, तोंडातले खिळे एकेक करत संपले. शेजारून चहा आला. मास्तरने खुर्ची सरळ केली, कोपऱ्यातली छडी उचलली आणि नेहमीसारखी सटासट झोडली.

चहाचा पहिला घोट घशाखाली उतरेपर्यंत आपण काय केलं ते त्याला कळलं नाही. मग कळलं.

थोबाडीत बसलेल्या गालासारखी बैठक सुजून वर आली होती. डावं गेलं, उजवं गेलं, मांड्यांचे ओघळ बुजले. मेल्यावरही इतके दिवस घर न सोडलेले प्रूफवाले धूळ होऊन उन्हाच्या तिरिपेत थोडा वेळ तरंगले आणि कपाटाखाली जाऊन बसले.

मास्तर आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. त्याने हाताला सांगितलं नव्हतं. हाताने त्याला विचारलं नव्हतं. मग छडी उचलली कोणी? इतकी वर्षं तो समजत होता की आपण हाताकडून काम करून घेतो. आता वाटायला लागलं, काम हातच करतो. आपण नुसते त्याला लटकून दुकानात येतो आणि लटकून घरी जातो.

"बाईला सरळ सांगून टाक," इस्त्रीवाला म्हणाला. "सवयीने हात चालला म्हणावं."

"काय सांगू? तुमच्या नवऱ्याला झोडून काढला?"

"अरे, काथ्या आहे तो!"

"तू जाऊन सांग तिला काथ्या आहे म्हणून."

जायला इस्त्रीवाला तयार नव्हता. पण गप्प राहणंही त्याच्या प्रकृतीला सोसायचं नाही. "मास्तर, माणूस म्हणजे चुणी. कोपराला पडते, गुडघ्याला पडते. सदरा बघून सांगतो मी आत कोण होतं ते. आणि इस्त्री फिरवली की गेला. दिवसभर माणसंच पुसतो मी, मला कोणी खुनी म्हणत नाही." त्याने मान खाजवली. "पण पुसलेली चुणी परत पडते. घालून बसलं की झालं. तूच बस की खुर्चीत."

"मी? गिऱ्हाइकाच्या खुर्चीत?"

"तू बसलास तर खुर्चीला तरी कुठे कळणार आहे? अंगाला वाळू बांध."

असं ते ठरलं. दुपारी गल्ली पेंगायला लागली की मास्तर शटर आतून ओढून घ्यायचा. जुन्या गाद्यांच्या कापडाच्या पिशव्या शिवून त्यात वाळू भरली होती. एक पोटाला, दोन मांड्यांना, एक खांद्यावर. मग उस्तादाची मनातल्या मनात माफी मागून तो टेकला. उभ्या जन्मात मऊ जागी तो पहिल्यांदा बसत होता. आधी त्याला पडल्यासारखं वाटलं. मग कोणीतरी धरल्यासारखं वाटलं. मग उठवेना.

दोन-चार दिवसांनी खळगा पडायला लागला, पण भलताच. मधोमध, गोल, उकिरड्यावर कुत्रं बसून उठावं तसा. प्रूफवाले कसे बसायचे हे माहीत असल्याशिवाय पुढे जाणं नव्हतं. आणि नेमकी त्या संध्याकाळी बाईच काठी टेकत आली.

मास्तरने घाईने खुर्चीवर चादर टाकली. "गोंद वाळतोय," तो म्हणाला.

"वाळू दे." बाई स्टुलावर बसली, चादरीकडे तोंड करून. "घरात करमत नाही. म्हटलं इथेच येऊन दोन शब्द बोलावेत." आणि तिने चादरीला सांगितलं, की नळाचं पाणी आज गढूळ होतं, वरच्या मजल्यावरची सून परत आली, आणि तिचा स्वतःचा गुडघा आता बोलायला लागलाय. मास्तर खिळे चघळत उभा.

"बाई," तो हळूच म्हणाला, "ते बसायचे कसे हो?"

"हे काय विचारणं?"

"नाही, पट्टे ताणायचेत. भार कुठे जास्त यायचा ते कळलं तर..."

ही थाप होती. पट्टे केव्हाच ताणून झाले होते. पण बाईचा चेहरा असा उजळला की मास्तरला खाली बघावं लागलं. "डावीकडे रेलून," ती म्हणाली. "उजवा डोळा अधू होता ना, कागद डाव्या डोळ्याशी धरायचे. डावा कोपर इथे. उजवा पाय डाव्यावर, आणि तो हलत असायचा सारखा. चूक सापडली की थांबायचा. पेन्सिल उजव्या कानावर. मधूनच घसा खाकरायचे. काही झालेलं नसायचं घशाला. मी घरात आहे की नाही ते बघायला. मी भांडं वाजवायचे. की झालं, परत वाचायला लागायचे."

दुसऱ्या दिवसापासून मास्तर तसा बसायला लागला. डावीकडे रेलून, उजवा पाय डाव्यावर, उजवा डोळा मिटून. हातात कागद पाहिजे म्हणून चहाच्या पुड्याचा कागद धरायचा आणि कंपनीचा पत्ता पुन्हा पुन्हा वाचायचा. खळगा ओळखीचा दिसायला लागला. आधी मांड्या आल्या, मग डावी बाजू खचली, मग पाठीवर खांदा उमटला.

पण काथ्या दाबायचा तर काथ्याही उलटा दाबतो. हे मास्तरला कारागीर म्हणून माहीत होतं, माणूस म्हणून माहीत नव्हतं.

पहिल्यांदा लक्षात आलं ते इस्त्रीवाल्याच्या. "हा सदरा तुझा नव्हे," तो म्हणाला. "डावा खांदा उतरलाय. कोपर घासलंय. कोणाचा आणलास?"

"माझाच आहे."

"मग आत कोण आहे?" इस्त्रीवाला नेहमीसारखा हसायला गेला आणि मधेच थांबला. मास्तरच्या डाव्या कानावरची पेन्सिल उजव्या कानावर गेली होती. आणि तो उभा होता तो एका कुशीला कलून, जड माणूस उभा राहतो तसा.

घरी मास्तरीण ताट वाढत होती. "अहो, सरळ बसा. पडाल."

"सरळच बसलोय."

"मग भिंत वाकडी झाली असेल." तिने भाकरी टाकली. वाळूच्या पिशव्या दुकानात राहिल्या होत्या, तरी नवऱ्याच्या खाली स्टूल करकरलं. लग्न झाल्यापासून ते स्टूल कधी बोललं नव्हतं. मास्तरीण चपापून बघत राहिली. तेवढ्यात मास्तरने घसा खाकरला, आणि खाकरून वाट बघत राहिला.

"कसली वाट बघताय?"

"भांडं वाजव ना जरा."

मग सगळं सांगणं आलंच. मास्तरीण ऐकून घेत होती तोवर जेवण गार झालं. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती रागावली नाही, हेच वाईट.

"बाईचं बरं आहे," ती शेवटी म्हणाली. "तिला बघायला खळगा तरी आहे. तुम्ही गेलात तर मी काय बघत बसू? फळी?"

"फळी मजबूत आहे," मास्तर म्हणाला.

"मजबूतच आहे. इतकी वर्षं बसलात, ओरखडासुद्धा नाही. आणि आयुष्यात एकदा कुठे ठसा उमटवलात, तो दुसरीच्या नवऱ्याचा." तिने ताट ओढून घेतलं. "मला माझी काडी चालत होती हो. हा कोण जाडजूड आणून बसवलात माझ्या घरात?"

खुर्ची पुरी झाली. जुनी होती आणि ही आहे, यात शिवणीच्या टाक्याइतकाही फरक मास्तरला दिसेना. त्याने हमाल बोलावले आणि स्वतः मागून चालत निघाला. उजवा पाय जरा ओढत.

बाई दारातच उभी होती. खुर्ची खिडकीजवळ ठेवली. तिच्या जागेवर फरशीत चार पायांचे चार डाग होते, त्यात पाय बरोबर बसले. बाई समोर बसली. बघत राहिली.

"आले," ती म्हणाली.

मास्तरच्या छातीवरची वाळू उतरली. तो निघणार, एवढ्यात बाई उठली आणि खुर्चीजवळ गेली. तिने वाकून बैठकीवर तळवा ठेवला, झोपलेल्याच्या पाठीवरून फिरवावा तसा फिरवत नेला. डावीकडून उजवीकडे. मांड्यांवरून मागे. आणि मागच्या उजव्या बाजूला तिचा हात अडला.

"हे काय?"

"कुठे?"

तिने बोटाने चाचपलं. एक बारीकशी दाबण होती, डोळ्यांना न दिसणारी. एका टोकाला गोल, मग सरळ दांडी, दांडीच्या शेवटी दोन दाते. बाईचं बोट त्यावरून गेलं, परत आलं.

"ही किल्ली आहे," ती म्हणाली. "ते घराबाहेर पडायचेच नाहीत, मास्तर. किल्ली माझ्याकडे असायची."

मास्तरचा हात आपोआप मागच्या खिशाकडे गेला. पुन्हा त्यालाच विचारल्याशिवाय.

"कोण बसलं होतं?"

त्याने सांगितलं. छडीपासून वाळूपर्यंत सगळं. सांगताना मधे दोनदा घसा खाकरला आणि ते ऐकून बाई दोन्ही वेळा दचकली.

"पुन्हा करतो," तो म्हणाला. "किल्ली काढून ठेवतो आणि बसतो. थोडे दिवस द्या. हुबेहूब होईल."

"होईल. तुमचा हात चांगला आहे, माहीत आहे मला." ती आपल्या जागेवर जाऊन बसली. "राग नाही हो माझा. पण खुर्ची रिकामी होती म्हणून ते तिथे होते. आता रिकामी कुठे आहे? तुम्ही बसलाय तिथे."

"मी तर इथे उभा आहे, बाई."

"उभे तर तेही आहेत," ती म्हणाली. "फोटोत."

हमाल दारात तंबाखू मळत होते.

"घेऊन जा ती."

"आणि तुम्ही? संध्याकाळी?"

बाईने खिडकीखालच्या फरशीकडे बोट दाखवलं, तिथे जिथे खुर्चीचे पाय टेकले होते. "उचललीत की चार डाग राहतील. तेवढे पुरे. तिथे अजून कोणी बसलेलं नाही."

दुकानात ठेवायला मास्तरचं मन धजेना; छडी तिथे होती. खुर्ची घरी आली. दारातून आत घेताना स्टूल बाहेर काढावं लागलं, दोन्हींना पुरेल एवढी खोली नव्हती. मास्तरणीने विचारलं नाही. खुर्ची कुठे ठेवायची तेवढं सांगितलं, आणि म्हणाली, "बसा."

मास्तर बसला. मांड्या मांड्यांच्या जागी गेल्या, खांदा खांद्याच्या, कोपर वाटीत. जगात एकच जागा त्याच्या मापाची झाली होती, आणि तिच्यात तो बसे तेव्हा समोर बसलेल्या मास्तरणीला डावीकडे रेललेले एक वजनदार गृहस्थ दिसत. उजवा पाय हलत असे. मधूनच ते खाकरत. पहिले काही दिवस ती गप्प राहिली. मग त्या खाकरण्यामागचं वाट बघणं तिला सोसेना, आणि ती भांडं वाजवायला लागली.

इस्त्रीवाला सांगतो की मास्तर पुढे सरळ झाला नाही तो नाहीच. वारा सुटला तरी आता त्याला कोणी आत घेत नाही. विजारींवर किल्ली मात्र अजून येते, आणि इस्त्रीवाला तेवढ्या जागेवरून इस्त्री फिरवत नाही, कडेकडेने नेतो.

दुपारी मास्तर दुकानात असला की मास्तरीण हात पुसून खुर्चीजवळ जाते. बसत नाही. गुडघा टेकते, वाकते आणि मागच्या उजव्या बाजूला बोटाने चाचपत राहते. बाकी सगळी खुर्ची प्रूफवाल्यांची आहे. किल्लीएवढी बोटभर जागा सापडली, की ती बोट तिथेच ठेवते. चुलीवरचं उतू जाईपर्यंत.